खरेदीखत नसलेली जमीन
(मालगुजारीच्या काळात शेत कसे हातबदल होत असे)

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. स्मरणिकेत सुरुवातीच्या सभासदांच्या आठवणी असतीलच, मंदिराच्या जागेवरून झालेले वाद आणि पाण्याच्या टाकीचा इतिहासही कुणीतरी लिहीलच. मला समितीने "काहीतरी ऐतिहासिक द्या" म्हणून सांगितले. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे लोकांच्या जमिनीचे कागद वाचण्यात गेली. तेव्हा ज्या गोष्टीची थोडीफार माहिती आहे त्यावरच लिहितो. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर कशी जाते, आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात ती शंभर वर्षांपूर्वी कशी जात असे, हा तो विषय.

नव्या पिढीला मालगुजारी हा शब्द फक्त 'मामा तलाव' या नावातून माहीत आहे. 'मामा' म्हणजे आईचा भाऊ नाही बरं का, तर 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरे. नवेगाव बांधपासून अगदी छोट्या बोडीपर्यंत जे तलाव धानाच्या बांध्यांना पाणी देत आले, त्यांतले बहुतेक कोहळी पाटलांनी आणि पुढे मालगुजारांनी बांधलेले किंवा राखलेले. पण मालगुजारी म्हणजे फक्त तलाव नव्हेत. अख्खे गाव, त्यातली शेती, झुडपी, पडीक, रस्ते आणि गावठाणसुद्धा मालगुजाराच्या मालकीचे मानले जाई.

हे असे पूर्वीपासून नव्हते. भोसल्यांच्या राज्यात पाटील गावाचा वसूल गोळा करून सरकारात भरत असे. तो वसुलीचा जबाबदार माणूस होता, मालक नव्हे. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारले, दत्तक वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केले, आणि १८६१ साली नागपूर प्रांत व सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्यप्रांत तयार झाला. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या बंदोबस्तात सरकारने ठरवले की जो वसूल भरतो त्यालाच गावाचा मालक करावे. म्हणजे सरकारला धरायला एक माणूस मिळाला आणि पाटलाला गाव मिळाले. हा कागदावरचा एका पिढीतला बदल आहे, पण त्याने पुढची नव्वद वर्षे ठरवून टाकली.

एका गावाला एकच मालगुजार असे असेही नाही. गाव सोळा आण्यांचे धरत आणि भाऊबंदांत त्याचे हिस्से पडत. कुणी चार आण्यांचा मालक, कुणी दोन आणे आठ पैंचा. सरकारशी व्यवहार करायला त्यांच्यातला एक लंबरदार नेमलेला असे. हा लंबरदार पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता कुळांकडे वळू. सगळी कुळे सारखी नव्हती. सगळ्यात वर मालिक-मकबूजा, म्हणजे आपल्या तुकड्यापुरता खराखुरा मालक. त्याच्याखाली इंग्रजी कायद्यात ज्याला ॲब्सोल्यूट ऑक्युपन्सी म्हणत ते पक्के कूळ; त्याला जमीन विकता येई, पण आधी मालगुजाराला कळवावे लागे आणि ती जमीन स्वतः घेण्याचा पहिला हक्क मालगुजाराचा असे. त्याच्याखाली मौरूसी कूळ. मौरूसी म्हणजे वारशाने चालणारे. बाप गेला की पोरगा वहिवाट करणार, लगान वेळेवर भरला तर त्याला हुसकता येणार नाही. त्याच्याखाली साधारण कूळ आणि सर्वांत खाली शिकमी, म्हणजे कुळाचे कूळ. १९२० च्या कुळकायद्याने साधारण कुळाचा वर्ग काढून टाकला आणि बहुतेक सगळी मौरूसी झाली. म्हणून आपल्याकडच्या जुन्या कागदांत 'मौरूसी' हा शब्द जिकडे तिकडे दिसतो.

गोम अशी की मौरूसी जमीन वारसाला जात होती, पण विकता येत नव्हती. १८९८ च्या आणि नंतर १९२० च्या कायद्याने मौरूसी कुळाला आपला हक्क परक्याला विकायला किंवा गहाण द्यायला मनाई होती. वारस होऊ शकेल असा माणूस किंवा सहहिस्सेदार यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिली, तर मालगुजार अर्ज करून तो व्यवहार रद्द करवून घेऊ शकत असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांच्या आगेमागेचा हा काळ आहे. कास्तकाराची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये हा विचार त्यामागे होता, आणि तो काही वाईट नव्हता. पंजाबातही १९०० साली याच विचाराने जमीन-हस्तांतराचा कायदा झाला.

पण कायद्याने मनाई केली म्हणून माणसाची गरज थांबते का? मुलीचे लग्न निघते, बैलजोडी मरते, सावकाराचा तगादा दाराशी येतो. मग वावर विकायचे असेल तर करायचे काय?

करत ते असे. विकणारा आणि घेणारा आपापसात किंमत ठरवत. मग दोघे मिळून मालगुजाराच्या वाड्यावर जात. दिवाणजी बसलेला असे. विकणारा कूळ लिहून देई की अमुक खसरा नंबरची जमीन मी माझ्या राजीखुशीने सोडत आहे, पुढच्या हंगामापासून माझा तीवर हक्क नाही. या जमीन सोडल्याच्या कागदाला कुणी राजीनामा म्हणत, कुणी इस्तिफा. जमीन सोडली की ती मालगुजाराकडे परत गेली. मग मालगुजार तीच जमीन घेणाऱ्याला नव्याने लावून देई, म्हणजे पट्टा करून देई, आणि त्याबद्दल नजराणा घेई. पटवारी गावात आला की आपल्या कागदांत जुने नाव काढून नवे नाव चढवी. विक्री झाली नाही, गहाण झाले नाही, कायदा मोडला नाही. जमीन मात्र एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात गेली.

घेणाऱ्याने दोनदा पैसे दिले हे लक्षात घ्या. एकदा विकणाऱ्याला किंमत आणि एकदा मालगुजाराला नजराणा. किमतीचा कागद सहसा होतच नसे, कारण किंमत लिहिली तर ती विक्री ठरली असती.

बँकेत असताना असे एक प्रकरण माझ्या टेबलावर आले होते. वैनगंगेकाठच्या एका गावचे वयस्कर कास्तकार विहिरीच्या कर्जासाठी आले. जमीन वडिलांनी १९३० च्या दशकात 'घेतलेली'. आमच्या वकिलांनी फाईलवर शेरा मारला की मूळ मालकाकडून खरेदीखत नाही, सबब मालकी सिद्ध होत नाही. मी त्यांना तसे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, तवा वावर इकाची मनाईच होती. खरेदीखत कुठून आनू?" आणि त्यांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात लगानाच्या पावत्या, मालगुजाराच्या सहीचा पट्टा आणि एक मोडी कागद होता. त्यांचे म्हणणे कायद्याला धरूनच होते. त्या काळात मौरूसी जमिनीचे सरळ खरेदीखत सापडले असते, तर उलट मलाच शंका आली असती. मी पावत्यांची वर्षे एकापुढे एक लावली, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल मागवली, त्यात वडिलांचे नाव होते, आणि टिपण लिहून प्रकरण वर पाठवले. कर्ज मंजूर झाले. पण ज्यांच्याकडे तो पत्र्याचा डबा नव्हता अशीही माणसे मी पाहिली, आणि त्यांना रिकाम्या हाताने परत जावे लागले.

तेव्हापासून हा विषय डोक्यात राहिला. निवृत्तीनंतर वाचन वाढले तेव्हा लक्षात आले की ही युक्ती आपल्या गावच्या दिवाणजींनी एकट्याने शोधलेली नाही. खुद्द इंग्लंडमध्ये हीच रीत शेकडो वर्षे उघडपणे, कोर्टात, चालत होती.

तिकडे गावाच्या जहागिरीला मॅनर म्हणत आणि जहागिरदाराला लॉर्ड. लॉर्डचे स्वतःचे छोटे न्यायालय असे, त्याचे काम लॉर्डचा कारभारी, स्ट्यूअर्ड, चालवी. सामान्य शेतकऱ्याची जमीन कायद्याने लॉर्डची. शेतकरी ती गावच्या रिवाजाप्रमाणे धारण करी. त्याच्याकडे खरेदीखत नसे. न्यायालयाच्या दप्तरात, म्हणजे गुंडाळी करून ठेवलेल्या लांब चामडी कागदावर, त्याच्या नावाची नोंद असे आणि त्या नोंदीची नक्कल त्याच्या हाती असे. नक्कल म्हणजे कॉपी, म्हणून या धारणेचे नावच कॉपीहोल्ड पडले. आपल्या भाषेत सांगायचे तर ज्याच्याजवळ नोंदीची नक्कल तो जमीनवाला.

अशी जमीन विकायची असली की विकणारा मॅनरच्या न्यायालयात हजर होई आणि पुष्कळ ठिकाणी एक काठी स्ट्यूअर्डच्या हातात देई. काठी दिली म्हणजे जमीन लॉर्डला परत दिली. देतानाच तो सांगे की ही अमक्याच्या उपयोगासाठी देत आहे. मग तो अमका पुढे येई, स्ट्यूअर्ड तीच काठी त्याच्या हाती देई, नजराणा भरून घेई आणि दप्तरात नाव चढवी. जमीन सोडणे, परत जाणे, नजराणा, नवे नाव. आपल्या वाड्यावर होत होते तेच सगळे. नागपुरात १८९८ चा आणि १९२० चा कुळकायदा झाला तेव्हा इंग्लंडात कॉपीहोल्ड अजून जिवंत होते. ते संपले १ जानेवारी १९२६ रोजी, १९२२ साली झालेल्या कायद्याने.

दिसायला दोन्ही एकच वाटते. पण फरक आहे, आणि तो पैशांत मोजता येण्याजोगा आहे. तिकडे काठी 'अमक्यासाठी' दिली की लॉर्डला त्या अमक्याला घ्यावेच लागे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. लॉर्ड आणि स्ट्यूअर्ड हे जणू नळ, एका बाजूने आलेले पाणी दुसऱ्या बाजूने सोडायचे. नजराणा ठरलेला नसला तरी तो वाजवी पाहिजे असे तिथल्या न्यायालयांनी फार पूर्वीच ठरवले आणि जमिनीच्या दोन वर्षांच्या उत्पन्नापेक्षा जास्त घेऊ दिला नाही. लॉर्ड अडून बसला तर शेतकरी वरच्या न्यायालयात जाऊ शकत होता. त्रासही होते, नाही असे नाही. वारसालासुद्धा नाव चढवायला नजराणा भरावा लागे, आणि काही मॅनरांत कूळ मेले की घरातले सगळ्यात चांगले जनावर लॉर्ड घेऊन जाई. आपल्याकडे निदान मौरूसी कुळाच्या वारसाच्या मागे हे लचांड नव्हते.

आपल्याकडे जमीन सोडणे आणि जमीन लावून देणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली झाली म्हणून दुसरी होईलच असा कायदा नव्हता. कुळाने राजीनामा लिहून दिला की जमीन मालगुजाराची झाली, आणि त्या घडीला घेणाऱ्याचा हक्क शून्य. मालगुजाराने नजराणा वाढवून मागितला तर द्यायचा. त्याने ऐनवेळी ती जमीन आपल्या पुतण्याला लावून दिली तर विकणारा आणि घेणारा दोघेही हात चोळत बसणार. शिवाय लंबरदाराने नजराणा घेऊन पट्टा दिला आणि चार आण्याचा हिस्सेदार भाऊ उठून म्हणाला की मला विचारले नाही, म्हणजे झाले! असली भांडणे नागपूरच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे चालली. १९२० च्या आधी तर आणखी एक तोटा होता. विकणाऱ्याचा मौरूसी हक्क सोडण्याबरोबर संपे, आणि घेणाऱ्याला नव्याने मिळे ते साधारण कुळाचे कच्चे नाते. म्हणजे पैसे द्यायचे पक्क्या जमिनीचे आणि हाती यायची कच्ची. १९४० च्या दुरुस्तीने मौरूसी जमिनीच्या विक्रीवरचे बंधन सैल झाले, पण तोवर एक अख्खी पिढी या वाटेने गेली होती.

सगळे मालगुजार वाईट होते असे मला म्हणायचे नाही. बरेच जण वाजवी नजराणा घेत, शब्द पाळत, तलावाची पाळ फुटली तर रात्री कंदील घेऊन स्वतः उभे राहत. पण कुळाला चांगला मालगुजार मिळणे हा नशिबाचा भाग होता.

घराची गोष्ट तर आपल्यासारख्या सोसायटीवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. गावठाणही मालगुजाराचे. कुळाला राहायला जागा फुकट मिळण्याचा हक्क होता, गावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे रिवाजांच्या लेखी यादीत, असल्या बाबी नोंदवलेल्या असत. पण जागा त्याची नव्हती. घर सोडून जायचे झाले तर लाकूडफाटा, कौले, दारे-खिडक्या त्याच्या; खालची माती मालगुजाराची. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे "घर विकले" असे न म्हणता "लाकडे विकली" म्हणत, त्याचे कारण मला फार उशिरा कळले.

हे सगळे ३१ मार्च १९५१ रोजी संपले. भंडारा तेव्हा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० मध्ये मंजूर झाला आणि त्या तारखेला मालगुजारांचे व जमीनदारांचे हक्क सरकारजमा झाले. शेजारच्या चांदा जिल्ह्यातील अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण १९५२ मध्ये कायदा टिकला. सीरची म्हणजे घरची शेती मालगुजारांकडे राहिली, तलाव मात्र सरकारकडे गेले. कुळे थेट सरकारची झाली आणि लगानाच्या ठराविक पटीत रक्कम भरून मालिक-मकबूजा होण्याची सोय मिळाली. पुढे १९५४ च्या संहितेने भूमिस्वामी आणि भूमिधारी हे शब्द आणले. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६६ च्या महसूल संहितेने भोगवटदार वर्ग एक आणि वर्ग दोन. पंधरा वर्षांत एकाच बांधीच्या मालकाला चार नावे! सातबारा तर आपल्याकडे बराच उशिरा आलेला पाहुणा आहे. आजही आमच्या वयाचे लोक तलाठ्याला पटवारीच म्हणतात.

नजराणा हा शब्द मात्र गेला नाही. वर्ग दोनची जमीन विकायची तर आजही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि सरकारात नजराणा भरावा लागतो. ती वर्ग एक करून घेण्यासाठी २०१९ मध्ये नियम झाले, त्यातही रक्कम भरणे आलेच. फरक इतका की दर नियमात छापलेला आहे आणि भरल्याचे चलन मिळते.

आता आपल्या सोसायटीबद्दल. कायद्यात गृहनिर्माण संस्थांचा एक प्रकार 'भाडेकरू मालकी' असा आहे. त्यात जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे. कुणी घर विकले की नुसते खरेदीखत करून भागत नाही. जुना सभासद राजीनामा देतो, भागपत्र परत करतो, नवा अर्ज करतो, कमिटी ठराव करते आणि सभासद नोंदवहीत नाव चढते. राजीनामा, परत करणे, फी, नवे नाव. वाचकांना ओळखीचे वाटले असेल. सचिवांच्या कपाटातली ती लाल कापडाच्या बांधणीची नोंदवही म्हणजे आपले मॅनरचे दप्तरच समजा.

प्रश्न इतकाच की कमिटी कुणासारखी वागणार. इंग्लंडच्या स्ट्यूअर्डसारखी, की आपल्याकडच्या वाड्यासारखी? कायद्याने उत्तर देऊन ठेवले आहे. सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवावा लागतो. कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नाकारायचे तर कारण द्यावे लागते आणि त्यावर अपील आहे. हस्तांतर फी आदर्श उपविधीत ५०० रुपये आहे. प्रीमियमला शासनाने कमाल मर्यादा घातली आहे, महापालिका हद्दीत २५,००० रुपये आणि नगरपालिकेच्या गावांत त्याहून कमी. वारसाच्या नावे करताना प्रीमियम घेताच येत नाही. 'विकास निधी' किंवा 'ऐच्छिक देणगी' अशा नावाखाली हस्तांतराच्या वेळी जास्त रक्कम मागणे म्हणजे छापील दर असताना वाड्यावरचा नजराणा मागणे आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे हा मोह कधी झालाच नाही असे मी म्हणणार नाही. दोन सर्वसाधारण सभांत त्यावर आवाज चढले होते ते अनेकांना आठवत असेल. दोन्ही वेळा सभेने मर्यादेतच राहण्याचे ठरवले ही समाधानाची गोष्ट.

सध्या आपल्या नोंदवहीत अशी काही नावे आहेत की ती माणसे आता हयात नाहीत. घरात मुले-सुना राहतात, मेंटेनन्स भरतात, पण नाव वडिलांचेच. नामनिर्देशन केलेले असले तरी संस्था त्या माणसाच्या नावे नोंद करते एवढेच, वारसांचा आपापसातला हक्क त्याने ठरत नाही. विशेषतः ज्या घरी एकट्या भगिनी मागे राहिल्या आहेत, त्यांनी मृत्युदाखला, वारसाची कागदपत्रे आणि अर्ज घेऊन सचिवांना भेटावे. वर सांगितल्याप्रमाणे त्यांच्याकडून प्रीमियम मागता येत नाही.

आणि ज्यांना आपल्या प्लॉटखालच्या जमिनीची मागची साखळी पाहायची हौस आहे त्यांच्यासाठी थोडे. आधी आपल्या लेआउटचा मूळ सर्व्हे नंबर काढा. त्यावरून जुना खसरा नंबर मिळतो. मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल मागा, आणि त्यामागे जायचे असेल तर बंदोबस्ताच्या वेळची गावची कागदपत्रे. नावापुढे मौरूसी, मालिक-मकबूजा, सीर किंवा शिकमी असा शेरा दिसेल. शेरा मौरूसी असेल आणि १९४० च्या आधी नाव बदललेले दिसले, तर खरेदीखत शोधत बसू नका. लगानाच्या पावत्या शोधा. त्या बहुधा मूळ शेतमालकाच्या घरी, एखाद्या पत्र्याच्या डब्यात असतात, आणि त्या घरातले लोक त्या अजून तरी टाकून देत नाहीत.